गोमटेश सरांचं भांडं

गोमटेश सर रोज सकाळी आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक आकडा टाकायचे. सुप्रभात नाही, नमस्कार नाही, नुसता आकडा आणि पुढे मिलिमीटर. काल शिवारातलं किती पाणी हवेत उडालं, ते आम्ही त्या आकड्यावरून समजून घ्यायचं. खाली पंचवीस-तीस जण हात जोडायचे. मिलिमीटर म्हणजे काय, हे त्यातल्या निम्म्यांना ठाऊक नव्हतं. उरलेल्यांना आपण हात कशासाठी जोडतोय हे ठाऊक नव्हतं.

मी त्यांना गारगोटीपासून ओळखते. माझं माहेर गारगोटी, आणि तिथल्या एका कॉलेजात सर आम्हाला शेतीचं हवामान शिकवायचे. शिकवायचे म्हणजे पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचून दाखवायचे आणि आम्ही लिहून घ्यायचं. एकदा बाहेर गारा पडत होत्या आणि आत आम्ही गारांचे प्रकार लिहीत होतो. गारा बघायला खिडकीपाशी गेलेल्या मुलीला सरांनी वर्गाबाहेर काढलं. ती मुलगी मीच. पुढे माझं लग्न नेमकं गडमुडशिंगीत, सरांच्याच गावात झालं. आमचं रान आणि त्यांचा मळा एका बांधाला लागून आहे. म्हणजे त्या माणसापासून माझी सुटका नव्हतीच.

तसे सर वाईट नाहीत, असं गावात सगळे म्हणतात. गावात ज्याच्याविषयी दुसरं काही बोलता येत नाही त्याच्याविषयी असंच बोलतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी कोल्हापुरात फ्लॅट घेतला, पांढरे सफारी शिवले आणि ते हवामानतज्ज्ञ झाले. मळ्यातल्या घरी त्यांची आई एकटी राहते. राजमती आक्का. ऐंशीच्या पुढची बाई, पण रोज विहिरीचं पाणी स्वतः शेंदते, गाळून घेते आणि गाळण्यात अडकलेले जीव थोड्या पाण्यासकट पुन्हा त्याच विहिरीत सोडते. जैनांच्या रीतीप्रमाणे दिवस मावळायच्या आत जेवते. फ्लॅटमध्ये नळाचं पाणी कुठल्या विहिरीचं ते कळत नाही, म्हणून ती तिकडे जात नाही. सर सणासुदीला गाडी पाठवून तिला नेतात आणि दुसऱ्या दिवशी तीच गाडी तिला परत आणून सोडते.

या मळ्यात, घराच्या मागच्या बाजूला, सरांनी बाष्पीभवनाचं भांडं बसवून घेतलं. लाकडी चौकटीवर ठेवलेलं पत्र्याचं रुंद घमेलं, असं समजा. त्यात पाणी भरायचं आणि रोज ते किती खाली गेलं ते मोजायचं. कावळ्या-कुत्र्यांनी तोंड घालू नये म्हणून वर तारेची जाळी. सरांनी त्यात एक तरंगता गोळा आणि सिमकार्डवाली डबी बसवली. त्यामुळे पाणी किती उतरलं ते त्यांना कोल्हापुरात, चहा पिता पिता, फोनवर कळायचं. मळ्यात यायची गरज उरली नाही. पाणी कमी झालं की आक्कांना फोन करायचा आणि खुणेपर्यंत भरायला सांगायचं. आक्का भरायच्या, अर्थात गाळूनच.

या आकड्याचं काय करतात, ते थोडक्यात सांगते. पिकाला पाणी किती लागतं, हे पिकाला विचारता येत नाही. जमिनीतून किती पाणी वाफ होऊन जातं आणि पानांतून किती बाहेर पडतं, याचा अंदाजच बांधावा लागतो. ऊन, वारा, हवेतली ओल, भांड्यातलं पाणी यांवरून तो बांधतात. आता हवा पूर्वीची राहिलेली नाही. फेब्रुवारीतच अंग भाजतं, मध्येच ढग येतात, कधी कोरडा वारा दिवसभर सुटलेला असतो. त्यामुळे जुने तक्ते जागोजागी चुकायला लागलेत. कुठे पिकाची तहान वाढलीय, कुठे ढगांनी आणि दमट हवेनं ती कमीही झालीय. एवढं सगळं अनिश्चित असताना माणसानं जपून बोलावं. सर जपून बोलणाऱ्यांतले नव्हते.

कारण सरांच्या भांड्यातलं पाणी वर्षागणिक कमी कमी उतरत होतं. उन्हाळे तापत चालले होते आणि भांडं सांगत होतं की पाणी पूर्वीइतकं उडत नाही. दुसऱ्या कुणाला शंका आली असती. सरांना आनंद झाला. जगात काही ठिकाणी तापमान वाढूनही भांड्यांतलं बाष्पीभवन घटल्याचं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. आपलं भांडं जगाच्या बरोबरीनं चाललंय, एवढ्यावर त्यांची छाती फुगली. आईला फोनवर विचारायचे, यंदा पाणी किती वेळा भरलंस? ती म्हणायची, कमी भरलं. झालं. मग लग्नाच्या पंगतीत, बारशाला, एकदा तर कुणाच्या दिवसकार्याला हे गृहस्थ ऐकणारा सापडेल त्याला बाष्पीभवनातली घट समजावून सांगत बसायचे. आलेखाचा फोटो फोनमध्ये तयारच असायचा. नातवंडांचे फोटो त्याच्या खाली होते.

इथवर असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण आमच्या गावातली पाणीपुरवठा संस्था नदीवरून पाणी उचलते आणि ठरलेल्या पाळीनं रानांना देते. तिचे चेअरमन हंबीरराव. त्यांचं रान पाइपलाइनच्या तोंडाशी असल्यामुळे त्यांना पाळीचं दुःख कधी कळलेलं नाही. सरांनी सभेत आलेख दाखवला. पिकांना आता पूर्वीइतकं पाणी लागत नाही, उन्हाळ्यातली पाळी दहा दिवसांऐवजी पंधरा दिवसांनी दिली तरी चालेल, शिवाय जमीन खारवणार नाही, असं सांगितलं. पाण्याच्या मोटारी कमी चालून वीजबिल वाचणार म्हटल्यावर हंबीररावांना विज्ञान ताबडतोब पटलं. सभेत हात वर झाले. आमच्याकडे कुणी पडद्यावर रेघ दाखवली की हात आपोआप वर होतात.

लाइनच्या शेवटी रान आहे आमचं. म्हणजे माझ्या सासूचं, चिमणाबाईंचं. मी त्यांना आत्ती म्हणते. आत्ती उसाचं बेणं करतात. साखर कारखान्याला घालायचा ऊस निराळा आणि लागणीसाठी राखायचं बेणं निराळं. बेण्याच्या कांडीवरचा डोळा टपोरा आणि जिवंत असावा लागतो, तरच तो रुजतो. आत्तींच्या बेण्याचा डोळा चुकत नाही, अशी ख्याती आहे. मुरगूडकडची माणसंसुद्धा जुलैतल्या आडसाली लागणीआधी आमच्या दारात येतात. आत्ती शाळेत गेलेल्या नाहीत, सभेत कधी बोललेल्या नाहीत, गावात त्यांचा फोटो कुठे लागलेला नाही. त्यांचं जे काही नाव आहे ते त्या बेण्याच्या मळ्यात आहे.

गेल्या उन्हाळ्यात मार्चपासून कोरडा वारा सुटला. पंधरा दिवसांची पाळी आमच्यापर्यंत येईस्तोवर अठरा दिवसांची व्हायची. पानं दुपारी सुरळी करायला लागली, मग सकाळीही. आत्तींनी संस्थेत जाऊन सांगितलं. हंबीररावांनी सरांना फोन लावून स्पीकरवर टाकला. सर म्हणाले की दुपारी पानं वळणं ही पिकाची नैसर्गिक क्रिया आहे, डेटानुसार पिकाला ताण नाही. आत्तींनी घरी येऊन मला विचारलं, डेटा कोण हाय? मी म्हटलं, सरांचं भांडं. संध्याकाळी आत्ती घागरी घेऊन बेण्याच्या कडेच्या दोन सऱ्या भिजवायला गेल्या. माझा जीव तुटला आणि त्याच वेळी त्या सफारीवाल्याची मला किळस आली.

एप्रिलच्या शेवटी सरांचा निरोप आला. पुण्याच्या एका संशोधन संस्थेतून कुणी अनुजाबाई त्यांचं भांडं बघायला येणार होत्या. सर हरखून गेले होते. हंबीररावांना बोलावलं, ग्रुपवर दोनदा कळवलं, आणि जुनी विद्यार्थिनी म्हणून मलाही बोलावलं, म्हणजे चहा करायला कुणीतरी हवं होतं. मी गेले. बेण्याचं काही बोलता आलं तर बघावं, असं मनात होतं.

अनुजाबाई तिशीच्या, पाठीवर पिशवी, पायांत चपला. बोलणं साधं. उपग्रहावरून आणि जवळच्या हवामान केंद्रांवरून त्यांनी जो हिशेब केला होता, त्यात या पट्ट्यात उन्हाळ्यातली पिकांची तहान वाढलेली दिसत होती. सरांचं एकच भांडं उलटं सांगत होतं. म्हणून त्यांना ते डोळ्यांनी बघायचं होतं. सरांनी त्यांना सोप्यात बसवून अर्धा तास आपला आलेख समजावला. हवा दमट झाली, वारा पडला, म्हणून घट. सर हे बोलत होते तेव्हा बाहेर वाऱ्यानं दोरीवरची आक्कांची लुगडी उडत होती.

मग आम्ही घराच्या मागे गेलो. सर पुढे, नवे बूट सांभाळत. चिखल नव्हताच, पण सवय. आणि तिथे भांडं होतं, त्यावर जाळी होती, आणि जाळीवर स्वच्छ, पांढरं, दुपदरी सुती फडकं ताणून काठाभोवती सुतळीनं घट्ट बांधलेलं होतं.

सर थांबले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. मागे वळून म्हणाले, "आईनं अनावरणाची सोय केलेली दिसतेय."

हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्या माणसाला खरोखर वाटलं की पाहुण्या आल्यात म्हणून भांड्यावर पडदा घातलाय आणि तो सुतळी सोडून आपल्याला बाजूला करायचाय. हंबीररावांनी तर टाळ्यांसाठी हात पुढे घेतले होते. अनुजाबाईंनी दोघांकडेही पाहिलं नाही. त्या आक्कांजवळ गेल्या आणि हे फडकं कधी घातलं, असं त्यांनी विचारलं.

"आज न्हाय घातलं. रोजच असतंय की," आक्का म्हणाल्या.

त्यांनी सगळं सरळ सांगितलं, लपवण्यासारखं त्यांना काही वाटतच नव्हतं. पहिल्या उन्हाळ्यात मधमाश्या पाण्याला यायच्या आणि जाळीतून आत जाऊन बुडायच्या. आक्का पिंपळाच्या पानानं त्यांना बाहेर काढायच्या, पण सगळ्या हाती लागायच्या नाहीत. आपल्याच मळ्यात, आपणच भरलेल्या पाण्यात रोज जीव मरताहेत, हे त्यांना सोसवेना. दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी जुन्या लुगड्याचं फडकं घातलं. ते विरळ होतं, चिलटं आत जायची. म्हणून पुढच्या वर्षी दुपदरी केलं, आणि उन्हाळ्यापुरतं न ठेवता बारा महिने ठेवायला लागल्या. म्हणजे फडक्याला एकेक पदर चढला तसा सरांचा आलेख खाली आला. या जागतिक घटनेचं मूळ आक्कांच्या लुगड्यात होतं.

अनुजाबाईंनी फडकं सोडलं, घडी केली आणि आदरानं आक्कांच्या हातात दिलं. मग सरांना शांतपणे म्हणाल्या की काही प्रदेशांत भांड्यांतलं बाष्पीभवन खरंच घटलंय, पण म्हणून ते सगळीकडे घटलंच पाहिजे असं नाही. हवा बदलतेय म्हणूनच जागेवर मोजायचं, आणि उघड्यावर मोजायचं. या भांड्याला ना ऊन लागत होतं ना वारा. या आकड्यांवर कुणी पाणी ठरवत असेल तर ते लगेच थांबवा. एवढं बोलून त्यांनी चहा घेतला आणि त्या गेल्या.

त्या गेल्यावर सर आक्कांना रागवतील असं मला वाटलं होतं. रागवले असते तर एक वेळ बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडे वळून सांगितलं की हे इथंच राहू दे, मी डेटा तपासून संस्थेला कळवतो. कारण येत्या रविवारी कोल्हापुरात एका मंडळाकडून त्यांचा हवामानमित्र म्हणून सत्कार व्हायचा होता. मी तिथल्या तिथं हंबीररावांना म्हटलं की चेअरमन, पाळी आजच बदला. ते म्हणाले, सरांचं लेखी आल्याशिवाय कसं बदलणार? सर म्हणाले, घाईत विज्ञान होत नाही. जे कधी घराच्या मागे गेले नाहीत, त्यांना आता घाई नको होती. मी रोज फोन करत राहिले. सरांनी उचलला नाही, हंबीररावांनी उचलून नंतर बघू म्हटलं. रविवारी सरांनी शाल घेतली, नारळ घेतला आणि शाल पांघरलेला फोटो ग्रुपवर टाकला. त्या आठवड्यात आमच्या रानाची पाळी आलीच नाही. ती आली तेव्हा बेण्याच्या खालच्या कांड्यांवरचे डोळे सुकून तपकिरी झाले होते. आत्ती एकेका कांडीवरून अंगठा फिरवत सरीभर चालल्या आणि परत येऊन पायरीवर बसल्या. दोन दिवस धड जेवल्या नाहीत.

मग मी गावभर बोलले. शाळेत, दळणाच्या गिरणीत, दूध डेअरीच्या रांगेत. एवढं बोलले की हंबीररावांना खास सभा घ्यावी लागली. सर शहरातून आले. बायकांच्या बाजूला आक्का येऊन बसल्या होत्या, अंगावर इस्त्रीचं पांढरं लुगडं. सभा कशाची आहे हे त्यांना पुरतं माहीत नव्हतं. भांड्याची सभा, एवढंच कुणीतरी सांगितलं होतं.

सर उभे राहिले आणि त्यांनी सहज, शुद्ध मराठीत सांगितलं की घरातल्या वृद्ध व्यक्तीच्या अज्ञानामुळे आणि अंधश्रद्धेमुळे निरीक्षणांत दोष राहिला, त्याला ते स्वतः जबाबदार नाहीत, आणि पाळी पूर्ववत दहा दिवसांची करायला त्यांची हरकत नाही. हरकत नाही म्हणे. त्यांच्याच आईला समोर बसवून हा माणूस तिला वृद्ध व्यक्ती म्हणत होता आणि खिशातला पेन नीट करत होता.

आक्कांना अंधश्रद्धा हा शब्द कळला. त्या गुडघ्यावर हात देत उठल्या. सरांकडे आधी गेल्याच नाहीत. माझ्या सासूसमोर येऊन त्यांनी दोन्ही हात जोडले.

"चिमणाबाई, मी माश्या वाचिवल्या आणि तुझं बेणं मारलं. मला ठावं न्हवतं. मला क्षमा कर."

आत्ती उठल्या. आपल्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या बाईनं हात जोडलेले त्यांना बघवेनात, म्हणून त्यांनी ते हात धरून खाली केले आणि तुमचं काई चुकलं न्हाय आक्का, असं म्हणाल्या. मग आक्का लेकाकडे वळल्या. आवाज चढवला नाही.

"गोमटेश, फडकं समद्यांना दिसत व्हतं. दूध घालाय येणाऱ्याला दिसलं, गवत न्यायला येणाऱ्याला दिसलं. तीन वर्सांत तू एकदा मळ्यात आला असतास तर तुलाबी दिसलं असतं. पाणी किती ऱ्हायलंय, ह्ये तुला रोज कळत व्हतं. म्हणून मला वाटायचं, माझंबी कळत असंल."

सर खाली बसले. सभा पाळी बदलून संपली आणि लोक बाहेर येऊन उसाच्या दराबद्दल बोलायला लागले.

पाळी बदलली, पण डोळे परत येत नाहीत. जुलैत मुरगूडची माणसं टेम्पो घेऊन बेण्याला आली. आत्तींनी त्यांना रानात नेलंच नाही. यंदा बेणं न्हाय, एवढं सांगितलं आणि चहा दिला. दुसऱ्या दिवशी सगळा बेण्याचा मळा तोडून म्हशींना वैरण म्हणून घातला. म्हशींनी आनंदानं खाल्लं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमच्या स्वतःच्या लागणीला दुसऱ्याकडून बेणं आणावं लागलं. ते आणलं तेव्हा आत्ती घरातून बाहेर आल्या नाहीत.

आणि सर? सरांनी आता झाकलेल्या पाण्याच्या बाष्पीभवनावर निबंध लिहिलाय. तळ्यांवर आच्छादन घातलं तर पाणी वाचतं, हे त्यांनी स्वतःच्या प्रयोगातून सिद्ध केलंय. त्यावरही दोन व्याख्यानं झाली. निबंधात आक्कांचं नाव नाही, स्थानिक सहकार्य असा उल्लेख आहे. मला आता त्यांचं आश्चर्यसुद्धा वाटत नाही.

भाद्रपदात जैनांचं क्षमेचं पर्व असतं. शेवटी सगळे एकमेकांच्या घरी जाऊन वर्षभरात दुखावलं असेल तर माफी मागतात. त्या दिवशी आक्का काठी टेकत बांधावरून पुन्हा आमच्या दारात आल्या. एकदा क्षमा मागितली होती, तरी आल्या. आत्तींशी तासभर बोलत बसल्या आणि ऊन कलायच्या आत जेवायला म्हणून परत गेल्या.

त्याच संध्याकाळी माझ्या फोनवर सरांचा मेसेज आला. हात जोडलेलं चित्र, कमळाची फुलं, आणि कळत-नकळत आपले मन दुखावले असल्यास उत्तम क्षमा. वर बाणाची खूण होती, म्हणजे त्यांनाही तो कुणीतरी पाठवला होता आणि त्यांनी तो पुढे ढकलला होता. मी आत्तींना वाचून दाखवला. त्या गोठ्यात शेण भरत होत्या.

"माझ्या बेण्याचं काई लिवलंय त्यात?"

"न्हाय."

"मग पुसून टाक," त्या म्हणाल्या आणि पाटी उचलून बाहेर गेल्या.